जशुबेनची चौकशी

राजकोटच्या आमच्या स्कॅन सेंटरात जशुबेन सोळंकी अकरा वर्षं आया आहेत. शिक्षण सातवी, पण पेशंटची थाप पकडावी ती त्यांनीच. मी मशीन चालवतो. मी विचारतो, "काही खाल्लंत?" सगळे म्हणतात, नाही. जशुबेन विचारतात, "निघताना तोंड कुणी गोड केलं?" की मान खाली जाते. शुभ कामाला निघताना आमच्याकडे दही-साखर चाटवतात, आणि त्याला खाणं कुणी समजत नाही.

आम्ही सुईतून किरणोत्सारी साखर देतो. कॅन्सरच्या बहुतेक पेशी महाहावरट. ती साखर ओढून घेतात आणि पडद्यावर दिव्यासारख्या पेटतात. पण आधीच गोड पोटात गेलं असेल, तर आमची साखर स्नायूच पळवतात, आणि रोग असूनही चित्र स्वच्छ दिसू शकतं. रोज बघतो, तरी अजून माझ्या अंगावर काटा येतो.

मार्चमध्ये जशुबेनची मुलगी हीरल आली. तिच्या छातीत लिम्फोमाची गाठ. केमोचे सहा डोस संपले होते. औषध लागू पडलं का, ते आज कळायचं होतं. बोटातल्या रक्ताची साखर मर्यादेत भरली. मी सुई उचलली.

"थांबा, किरीटभाई." जशुबेनचा चेहरा पांढराफटक. "मीच दिलंय तिला. दोन चमचे. हात आपोआप गेला हो."

"मम्मी, तू?" हीरलला हसू आवरेना. "सगळ्या गावाला दम देतेस आणि!"

"हस, हस. स्वच्छ चित्र मलाही हवंय गं. पण खरं हवंय."

त्या बोलल्या नसत्या तर मला कळलंही नसतं. मी सुई ठेवून दिली.

तिसऱ्या दिवशी हीरल कडकडीत उपाशी आली. पडद्यावर मेंदू उजळला, हृदय उजळलं; ते निरोगी माणसाचेही उजळतात. निकाल डॉक्टरांनी सांगायचा असतो. पण अकरा वर्षं माझ्या खांद्यावरून बघणाऱ्या बाईला काय लपवणार? त्यांनी छातीच्या जागी बोट ठेवलं. गाठ होती, सुपारीएवढी.

"आहे की ही अजून."

"आहे."

"पण पेटली नाही."

मी मान हलवली. औषधानं गाठीआधी तिची भूक मारली होती. जशुबेन फरशीवरच बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या.

मग नाक पुसून म्हणाल्या, "राहू दे पडून तिथं. आता कुणाचं काय खातेय ती?"