दमणहून आणलेला पाय

माझे मामा कल्याणच्या शाळेत मास्तर होते. एका लग्नासाठी ते दमणला गेले आणि मांडवात सगळ्यांना "पायरी जपून उतरा" असं बजावत असताना स्वतःच घसरले. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला.

मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. आलेली तार घेऊन मामी थेट माझ्याकडे आल्या.

"तू जाऊन त्यांना घेऊन ये. तिथे फिरंग्यांचं राज्य. पाय दाखवतील तो आपल्या कल्याणच्या हाडवैद्यालाच, असं कळवलंय."

आगगाडीत त्यांना आडवं आणता आलं नसतं, शिवाय मुंबईला गाडी बदलणं आलं. म्हणून मी ठाण्याजवळच्या कोलशेत बंदरात एका तांडेलाला गाठलं. त्याचा शिडाचा मचवा दमणपर्यंत जात असे. चार दिवसांची रजा काढून मी निघालो.

दमणला लग्नघरी मामा खाटेवर पडून होते. पायाला स्वच्छ पट्ट्या आणि लाकडी फळ्या बांधलेल्या.

"हे कुणी बांधलं?" मी विचारलं.

"इथल्या पोर्तुगीज डॉक्टरने. मी बेशुद्ध होतो म्हणून त्याचं साधलं. शुद्धीवर असतो तर हात लावू दिला नसता."

दुसऱ्या दिवशी चार भोयांनी त्यांना डोलीतून बंदरावर आणलं. तिथल्या पोर्तुगीज अंमलदाराने वाट अडवली. एका गुजराथी दुभाष्यामार्फत कळलं, की आजाऱ्याला हद्दीबाहेर न्यायचं तर त्याला पटकी नाही असा डॉक्टरचा कागद हवा.

"माझा पाय मोडलाय. पटकीने कुणाचा पाय मोडतो काय?" मामांनी डोलीतून विचारलं.

दुभाष्याने हे सांगितलंच नाही. शहाणा माणूस होता.

गावात डॉक्टर एकच, पाय बांधणारा तोच. मी त्याच्या घरी गेलो. जेवण अर्धवट टाकून तो बंदरावर आला. मामांनी मान दुसरीकडे वळवली. त्याने नाडी पाहिली, पट्टी जरा सैल केली, कागद लिहून दिला आणि फळ्या सहा आठवडे काढू नका असं मला खुणांनी तीनतीनदा समजावलं. मी फी पुढे केली, ती घेतली नाही. मामा मचव्याच्या शिडाकडे पाहत राहिले.

समुद्रात वारा चांगला होता. वसईच्या खाडीत शिरताना इंग्रजी नाक्यावरचा शिपाई मचव्यात चढला. दमणहून दारू चोरून येते, म्हणून त्याने एवढी जाडजूड पट्टी पाहून सोडायला सांगितली. आयुष्यात ताडी न चाखलेले मामा लालबुंद झाले. मी कागद दाखवला, पण तो पोर्तुगीजमध्ये होता.

तांडेल म्हणाला, "शिपाईदादा, पट्टीचा वास घ्या. दारू असंल तर तुमाला कलंल."

शिपाई वाकला. पट्टीला डॉक्टरी औषधाचा असा उग्र दर्प होता, की तो शिंकत मागे सरला आणि त्याने आम्हाला जायला सांगितलं.

कल्याणला घाटावर मामी उभ्या होत्या. संध्याकाळी हाडवैद्य आला. त्याने फळ्यांवरून हात फिरवला, बोटांनी वरखाली दाबून पाहिलं आणि तो उठला.

"मी ह्याला हात लावणार नाही, मास्तर."

"का?"

"हाड जागेवर बसलंय. माझ्या बापालाही असं जमलं नसतं. कुठल्या वैद्याने बांधलं?"

मामांनी पायावरचं पांघरूण उगाच नीट केलं. मामींनी तोंडाला पदर लावला. त्या रडत नव्हत्या एवढं मला दिसलं.

"तिथला एक डॉक्टर आहे," मामा शेवटी म्हणाले. "बरा माणूस वाटला."

सहा आठवड्यांनी फळ्या निघाल्या. पुढे काठी घेऊन मामा शाळेत जाऊ लागले. मी रविवारी भेटायला गेलो, तेव्हा ते ओसरीवर दोन शेजाऱ्यांना सांगत होते, की पायाचं हाड मोडलं तर उशीर न करता दमण गाठावं, आणि त्या डॉक्टरशी आपली चांगली ओळख आहे.