एक नळी रक्त

मासा विकताना ती आधी त्याचा कल्ला बोटाने उघडून दाखवायची. "लाल हाये का नाई, आपल्या डोळ्यानं पाहा. मंग घ्या." मासा शिळा असला तर आपणहून सांगायची, आज नका घेऊ. सिंदेवाहीच्या बाजारात असं सांगणारी दुसरी कोणी तुम्हाला भेटली असली तर तुमचं नशीब थोर.

बाजाराला लागूनच माझी रक्त तपासायची छोटी लॅब होती. तिच्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्याचा रिपोर्ट माझ्याच हातून निघाला. नागपूरला तिने त्याला आपली एक किडनी दिली आणि काही महिन्यांत परत टोपली घेऊन बसली. बाया हळहळल्या की म्हणायची, "देवानं दोन काऊन देल्ल्या मंग?"

वर्षभराने भावाच्या गळ्यात गाठी आल्या. किडनी टिकावी म्हणून चालू असलेल्या गोळ्यांनी शरीरातले पहारेकरी निजवले होते. एरवी आपल्या बहुतेकांच्या अंगात गुपचूप पडून राहणाऱ्या एका विषाणूने ती संधी साधून कॅन्सर उभा केला. गोळ्या कमी केल्या तर किडनी बिघडू लागली, आणि गाठी वाढतच राहिल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की परदेशात निरोगी माणसाच्या रक्तातून या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी काढतात, वाढवतात आणि रोग्याला देतात. आपल्याकडे ते होत नाही.

तिने पहिलं तेवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये येऊन हात पुढे केला.

"माह्या रगतात त्या पेशी असतीन ना, भाऊ?"

असतील, मी म्हणालो. तेवढं खरं होतं. पुढचं दोनदा समजावलं. ती हात मागे घेईना. बाहेर माणसं खोळंबली होती. शेवटी मी एक नळी रक्त काढलं, तिकडे परदेशात पाठवतो म्हणालो, आणि ती गेल्यावर कचऱ्यात टाकलं.

महिना भरायच्या आत भाऊ गेला. तेरवी आटोपून ती आली. बाकावर बसून तिने विचारलं, रक्त वेळेवर पोचलं होतं का. पोचलं, मी म्हणालो.

"मंग कमी पडलं काय?"

नाही म्हणालो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हणालो. "थोडं कमी पडलं."

तिने आपल्या हाताकडे पाहिलं.

"अजून काऊन नाई घेतलं मंग? मी तं इथीच बसली होती."

त्यानंतर ती बाजारात कधी बसली नाही. मी लॅब आणखी सात वर्षं चालवली.