दगडाचा पट

"आप्पा गेले. उषाला घेऊन या." एवढंच बोलून सॅम्युएलमामांनी फोन ठेवला. त्या क्षणी मला दुःख झालं नाही. सुटलो, असं वाटलं. महिना उलटून गेला, पण ते वाटणं अजून माझी पाठ सोडत नाही. म्हणून हे लिहितोय.

आप्पा माझे सासरे. रेल्वेत फिटर होते. दौंडला स्टेशनमागं दोन खोल्यांचं घर, आणि शेजारी सॅम्युएलमामा, त्यांचे नोकरीपासूनचे सोबती. न्हावरे गावचा मी, उषानं स्वतः निवडलेला. आप्पांना ते कधीच मानवलं नाही. मला कायम 'जावईबापू' आणि 'अहो' म्हणायचे, पण त्या मानात काटे असत. सासूबाई गेल्यावर उषानं त्यांना शिरूरला आमच्याकडे आणलं. आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला काही नव्हतं. फक्त बुद्धिबळ होतं. मी कारखान्यातून घरी येईपर्यंत ओट्यावर पट मांडलेला असे. "या जावईबापू, हरायची येळ झाली." मी चिडून खेळायचो, आणि बहुतेक वेळा हरायचो.

त्यांचा पट लाकडी. मोहऱ्यांचा रंग उडालेला, एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी पेनाचं टोपण. माझे साहेब घरी जेवायला आले तेव्हा मला त्या टोपणाची लाज वाटली. पुढं सहलीला गेलो असताना एका दुकानात पांढऱ्या-हिरव्या दगडाचा नक्षीदार पट दिसला आणि मी तो घेतला. आमच्याकडचा दगड काळा. पाटा, जातं, उखळ... माणसं जातात, दगड राहतो. दगड म्हटलं की टिकणारच, यापलीकडं मी विचार केला नाही. आप्पांनी घोडा हातात घेऊन नखानं खरवडला. नखावर पांढरी पूड आली. "ह्यो देवापुढं मांडा. रोजच्या खेळाचा न्हाई ह्यो."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी तापवताना मी त्यांचा लाकडी पट, मोहऱ्यांसकट, बंबात घातला. विचारल्यावर म्हणालो, रद्दीवाल्याकडं गेला असेल. आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, आणि संध्याकाळी दगडाचा पट मांडला.

आठवड्याभरात घोड्यांचे कान गेले. मग उंटाची मान. मोहरं मारलं की ते पटावर आपटायची आप्पांची सवय, आणि तोवर त्यांचा हातही कापायला लागला होता. मी डिंक लावायचो, कुरकुरायचो, पटाखाली टॉवेल अंथरायचो. चार महिने हे चाललं. एके दिवशी त्यांच्या बोटांतून वजीर निसटला, फरशीवर पडून त्याचे तीन तुकडे झाले. मी ओरडलो, "हात धड चालत नाही, तर खेळता कशाला?"

आप्पा खाली वाकले. तिन्ही तुकडे गोळा करून माझ्यासमोर ठेवले. "घ्या. तुमचा दगड तुम्हाला." सकाळच्या एसटीनं ते दौंडला गेले. उषा दर रविवारी जायची. मी एकदाही गेलो नाही. पट शोकेसमध्ये ठेवून कुलूप लावलं.

दहाव्यानंतर आम्ही दोघं दौंडचं घर आवरायला गेलो, तेव्हा सॅम्युएलमामा पडवीत स्टुलापुढं बसले होते. स्टुलावर खडूनं चौसष्ट घरं आखलेली, आणि त्यांवर लोखंडाचे काळपट वायसर, नटाखाली घालतात तशा चकत्या. प्रत्येकावर पांढऱ्या नाहीतर लाल रंगानं एक अक्षर... घो, उं, ह. मी एक उचलला. खालून तो भाजल्यासारखा निळा पडला होता.

"हे कुठले, मामा?"

"तुम्हाला ठाव नसंल?" त्यांनी मान वर केली नाही. "लाकडी मोहरी आमच्याच शॉपमधी केलेली. वजनाला बुडाशी वायसर ठोकलेले. तुमच्या बंबाची राख काढाया गेला आन् त्याला गावले. एकतीस."

"म्हणजे आप्पांना तेव्हाच..."

"त्याच दिशी. रुमालात बांधून ठिवले."

मागं उषा उभी होती. तिच्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही. चार महिने तो माणूस रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसला होता, माझं खोटं ठाऊक असून. मी खालच्या आवाजात विचारलं, "मग बोलले का नाहीत?"

"मी बी इचारलं. म्हनला, बोललो आस्तो तर खेळायचं कुनाशी?"

मला बसावंसं वाटलं. समोरची लोखंडी खुर्ची मोकळी होती, तिच्या हाताला मी धरलं. "मामा, एक डाव... तुमच्याशी?"

"तुमच्याकडं दगडाचा हाय की. त्यो खेळा." त्यांनी माझ्या बोटांतला वायसर काढून घेतला आणि त्याच्या घरात ठेवला. "ह्यो डाव आमचा चालू हाय. चाल त्याची हाय."

मी खुर्चीचा हात सोडला. मामा तसेच बसून राहिले, समोरचा माणूस विचार करत असताना बसावं तसे.