दिवाणामागची भिंत

गावातल्या निम्म्या दिवाणखान्यांच्या भिंतींवरून ज्याचा हात फिरला होता, त्या रोलशेठच्या स्वतःच्या घरात वॉलपेपरचा चिटोराही नव्हता. शेठ ही पदवी लोकांनी गमतीत बहाल केलेली. खांद्यावर रोल टाकून सायकल रेटणाऱ्या माणसाला नाहीतर कोण शेठ म्हणणार? बायको टोमणे मारायची, की जगाच्या भिंती नटवता आणि घरात नुसता पिवळा रंग. तो म्हणायचा, लावू गं, जरा कामं उरकू देत. कामं उरकली नाहीत, आणि गेल्या वर्षी तीच गेली.

आता मुलाची बदली झाली आणि तो बायकोसह घरी राहायला आला. पुढच्या खोलीतली एक भिंत उठून दिसायला हवी, असं सुनेचं म्हणणं. मुलाला लाकडाच्या फळ्या हव्या होत्या. सुनेनं मात्र सासऱ्याच्या नमुन्यांच्या बाडातून जाड्याभरड्या कापडासारखा, हाताला उठाव लागणारा कागद काढला. घरात कारागीर असताना बाहेर कशाला जायचं, म्हणाली. रोलशेठ इतका फुलला, की त्यानं लगेच मेव्हण्याला फोन करून चिडवलं.

मेव्हणा सुतार. बायकोचा धाकटा भाऊ. लाकूड लावलं की भिंतीला कपाटाची दारं ठोकल्यासारखी दिसतात, असं रोलशेठ त्याला ऐकवायचा. मेव्हणा उलट म्हणायचा, भावजी, तुम्ही काय, भिंतीला वहीसारखी कव्हरं घालता.

दुसऱ्या दिवशी रोलशेठनं दिवाण पुढे ओढला आणि सवयीप्रमाणे डोळे मिटून भिंतीवरून तळवा फिरवला. खाचखळगे डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतात. तळवा एका जागी गुळगुळीत घसरला. डोळे उघडले तर बशीएवढा काळपट, तेलकट डाग. दुपारची बायको दिवाणावर इथेच टेकून बसायची, लोकांच्या कपड्यांना बटणं लावत, कान सायकलच्या आवाजाकडे. तेल लावलेलं डोकं रोज त्याच जागी टेकायचं. डाग पडतोय म्हणून तो किती वेळा ओरडला होता.

गिऱ्हाइकांना तो पहिली गोष्ट हीच सांगायचा, की तेलकट जागा खरवडल्याशिवाय खळ धरत नाही, कागद तिथेच फुगतो. त्यानं खरवडायचा पत्रा उचलला. डागावर टेकवला. मग कोपऱ्यातला चांगला रंग उगाच खरवडत बसला.

जेवताना तो म्हणाला, "लाकूडच लावू."

मुलानं तब्येत बरी आहे ना विचारलं. सुनेनं नमुन्यांचं बाड मिटून ठेवलं. आपली निवड पसंत पडली नाही, असं तिला वाटलं. रोलशेठला ते दिसलं, पण खरं कारण काही जिभेवर येईना.

मेव्हणा हत्यारांची पिशवी घेऊन, मिशीतल्या मिशीत हसत आला. शेवटी आलात ना वळणावर, म्हणाला. रोलशेठनं त्याला विचारलं, भिंत खरवडावी लागते का? उत्तर त्याला पाठ होतं, तरी पुन्हा विचारलं.

"नाही हो. आधी चौकट ठोकायची, तिच्यावर फळ्या. मागे बोटभर पोकळी राहते. भिंत आहे तशीच..."

बोलता बोलता भिंतीवर खुणा करणाऱ्या मेव्हण्याचं लक्ष डागाकडे गेलं. हसू ओसरलं. त्यानं पेन्सिलीच्या खुणा पुसल्या आणि चौकटीची मापं नव्यानं घेतली. आता एकही भोक डागात पडणार नव्हतं.

काम संपलं तेव्हा भिंत खरोखर देखणी दिसत होती. रोलशेठ कपाटाच्या दारांबद्दल अवाक्षर बोलला नाही. दिवाण जागेवर सरकवताना मेव्हणा डागावरच्या फळीवर बोट ठेवून हळूच म्हणाला, "भावजी, या एका फळीला गम लावलेला नाही. नुसते स्क्रू आहेत. काढले की निघेल."

"सैल पडेल की."

"पडू दे. येईन ना मी आवळायला."

दुपारी सून चहा घेऊन आली तेव्हा सासरा दिवाणावर पाठ टेकून बसला होता. तिनं चाचरत विचारलं, "बाबा, माझा कागद वाईट होता का हो?"

"छान होता गं. आतल्या खोलीला लावू. उद्याच."

ती हसून आत गेली. रोलशेठनं मान मागे टाकली. त्याचं डोकं त्या फळीच्या वीतभर वर टेकत होतं. बुटकी म्हणून तो बायकोला जन्मभर चिडवत आला होता. चहा बाजूला ठेवून तो दिवाणावर थोडा खाली सरकला.