आधी आपल्या घशाखाली

सुधाताईंचा कारखाना बघायला कुणी आलं, की त्या आधी पेलाभर पाणी देत. पाहुण्याने ते संपवलं, की शांतपणे सांगत, "आंबे धुतलेलं पाणी हो. फिरून आलंय." पाहुण्याचा चेहरा मग बघण्यासारखा होई.

रत्नागिरीजवळच्या कातळावर त्यांचा आंब्याच्या रसाचा कारखाना. मी तिथे रस तपासायला होतो. साऱ्या जगाचे कारखाने सांडपाणी नजरेआड सोडतात. इंजिनिअर झालेल्या या बाईने ते स्वतःच्याच विहिरीच्या वरच्या अंगाला सोडलं होतं! साली-बाठे गॅसच्या टाकीत, त्या गॅसवर बॉयलर. धुण्याचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून तळ्यात, तिथून झिरपत विहिरीत. "आपली घाण आधी आपल्या घशाखाली उतरू दे, म्हणजे हात आपोआप जपून चालतो," त्या म्हणत. मला आधी हा विक्षिप्तपणा वाटला.

एका मे महिन्यात नव्या सुपरवायझरने, महेशने, टाक्या झटपट धुऊन निघाव्यात म्हणून कसलीशी जालीम पावडर वापरली. सकाळी तळ्यातले मासे उलटे तरंगत होते. ताईंनी विहिरीचा उपसा थांबवला आणि कारखाना बंद केला. आवारात पिकलेल्या आंब्यांच्या क्रेटांची रास. दोन दिवसांत सगळं नासणार, हंगाम बुडणार.

त्यांचा धाकटा भाऊ काकुळतीला आला. "ताई, तळ्यातलं पाणी खालच्या खाडीत सोडून देऊ गो. भरती घेऊन जाईल."

"भरती नेते आणि ओहोटी परत आणून देते. खाली बायका चिखलातून तिसऱ्या-शिंपल्या काढतायत, त्या दिसत नाहीत तुला?"

पिण्याचं पाणी मागायला त्या स्वतः शेजारच्या वाडीत गेल्या, झालेलं सगळं सांगितलं, आणि आंबे घरोघर वाटून टाकले. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या प्रत्येक अंगणात रस पसरून केलेली आंब्याची साठं वाळत होती. कारखान्याच्या हाती त्यातलं काहीच लागलं नाही. एवढं नुकसान इतक्या ताठ मानेने सोसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. खरं सांगतो, मला त्यांच्याकडे बघायचीही छाती होईना.

संध्याकाळी महेश पिशवी भरून दारात उभा राहिला. "ताई, मी जातो."

"कुठे जाशील? जिथे जाशील तिथेही कुणाची तरी विहीर असेलच. पिशवी ठेव. उद्यापासून तळं साफ करायचंय, मीही येते."

गेल्या वर्षी ताई गेल्या. कारखाना आता महेश चालवतो. पाणी अजून विहिरीच्या वरच्या अंगालाच सुटतं.