रामकुंडावर मामाचा दहावा

मामाच्या अंत्यविधीला मला पोहोचता आलं नाही. पुण्याहून निघायच्या आतच तिकडे सगळं उरकलं होतं. दहाव्याला मात्र जायचंच, हे त्याच संध्याकाळी ठरवलं. नाशिकला माणसं देवदर्शनाला जातात, द्राक्षांच्या दिवसांत मळे बघायला जातात. माझ्या या प्रवासात तसलं काही नाही. पण रस्ता तोच आहे, म्हणून रस्त्याचंही सांगते.

शिवाजीनगरहून आदल्या दिवशी सकाळी लवकरची एसटी घेतली. जानेवारीत जाणार असाल तर उजवीकडची खिडकी धरा, नारायणगावापर्यंत ऊन अंगावर येतं. चंदनापुरीचा घाट संपला की संगमनेर. तिथे गाडी थांबते, पोहे बरे मिळतात, चहा फार गोड.

शेजारी निफाडकडचे एक काका होते. कुणाकडे निघालात, असं त्यांनी विचारलं. मामाचं सांगितलं, तसे सरसावून बसले.

"कॅप्टनसाहेबांची भाची का तुम्ही? माणूस लय चांगला. पण पुढारी नाय."

"म्हणजे?"

"कुणाला 'करतो' म्हणायचाच नाय हो! आम्ही पाण्याच्या टाकीसाठी गेलतो. तोंडावर म्हणले, यंदा होणार नाय. असं कुणी बोलतं का?"

"मग टाकी झाली का?"

"झाली की, पुढच्या साली. तवर आम्ही मत दुसऱ्याला देऊन बसलो." ते हसले.

मामा साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि कॅप्टन होऊन निवृत्त झाला. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली. नव्वदच्या दशकात तो एकदाच आमदार झाला, दुसऱ्या वेळी पडला. मला आठवतो तो सुटीवर आलेला, मला सायकल शिकवणारा मामा. बाकी सगळे सायकल धरल्याचं सांगून गुपचूप हात सोडायचे. मामा ओरडून सांगायचा, "सोडतोय गं!" मी दर वेळी पडायचे आणि त्याच्यावरच चिडायचे.

नाशिकच्या द्वारका चौकात उतरून रिक्षाने पंचवटीत गेले. रामकुंडाजवळ साध्या लॉजमध्ये खोली सहज मिळते. मात्र गरम पाण्याची बादली रात्रीच सांगून ठेवा. नाशिकची थंडी पुण्याच्या माणसाला झेपत नाही.

सकाळी घाटावर पोहोचले तेव्हा माईक लागला होता. आमच्या भागात दहाव्याला भाषणं होतात, आणि मामा तर माजी आमदार. जीपगाड्या भरून माणसं आली होती. एकाने त्याला "विकासाचा महामेरू" म्हटलं, दुसऱ्याने "दिलेल्या शब्दाला जागणारा नेता". मागे जुन्या लष्करी टोप्या घातलेले दोन म्हातारे ताठ उभे होते. त्यांना कुणी बोलायला बोलावलं नाही.

मामी पायरीवर शाल घेऊन बसली होती. मी जवळ बसले, तशी माझा हात धरून म्हणाली, "आलीस का माय? बघ किती माणसं. आजारपणात यातलं कोण आलं ते विचारू नको."

मामाचा मुलगा विजू डोकं भादरून, उघड्या अंगाने कुडकुडत होता. ओझरच्या विमान कारखान्यात तो नोकरीला आहे. भाषणं संपली आणि गुरुजींनी पिंड मांडून सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त झाला म्हणायचं. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागे राहिली. मग घरची माणसं पुढे होऊन ती पुरी करायचं वचन देतात.

रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा! पलीकडच्या दोन कुटुंबांचे पिंड बघता बघता उचलले गेले. आमच्या पिंडाकडे कावळे येत, भोवती नाचत आणि उडून जात.

"साहेब, वहिनींची काळजी करू नका," कुणीतरी म्हणालं. कावळा आला नाही.

"नदीवरचा पूल पुरा करतो, साहेब!" मागून आवाज आला. पुलाचं ठीक, पण ओरडणाऱ्याच्या हातात साधी ग्रामपंचायतही नव्हती.

मग नाना पुढे आले. मामाच्या दोन्ही निवडणुका त्यांनीच सांभाळल्या होत्या. पिंडाला हात जोडून ते मोठ्याने म्हणाले, "साहेब, तुमच्या जागेवर विजूदादालाच उभं करतो!" गर्दीत चुळबुळ झाली. माना डोलल्या. नाना विजूकडे वळले. "दादा, तू म्हण. तुझ्याच तोंडून ऐकायचंय त्यांना."

"मला उभं राहायचं नाय, नाना. मी नोकरी सोडणार नाय."

"आत्ता नुसतं म्हण रे! पुढचं पुढं बघू. कावळा शिवू दे."

"नुसतं म्हणणं जमलं असतं, तर आमचे अण्णा दुसऱ्यांदाबी निवडून आले असते."

नाना मामीजवळ आले. "वहिनी, तुम्ही तरी सांगा. बाप अडकलाय तिथं."

मामीने पिंडाकडे बघितलं. क्षणभर वाटलं, ती हो म्हणेल. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला मोकळं करायला कोण नाही म्हणेल?

"काय सांगू, नाना?" ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी त्यांच्यापुढं खोटं बोल, असं सांगू?"

विजूने डोळे पुसले. "गुरुजी, दर्भाचा करा."

गुरुजींनी एकदा कावळ्यांकडे पाहिलं. मग दर्भाच्या काड्या वळून त्यांनी कावळा केला आणि पिंडाला टेकवला. विधीच्या दृष्टीने तेवढं पुरतं. लोकांच्या दृष्टीने पुरत नाही. एकेक जीप सुरू होऊ लागली. जेवायला शंभरेक पानं वाढून ठेवली होती, बुंदीची परात तशीच राहिली. ते दोन म्हातारे मात्र विजूच्या शेजारी बसून मुकाट्याने जेवले.

दुपारी मामीबरोबर गावी गेले. निफाडच्या पुढे लासलगावला निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती, गाडी मुंगीच्या पावलाने चालली. मामी एकदाच बोलली. "गेले असतील का गं ते? का घुटमळतायत?"

मी तिच्या पायांवर शाल नीट पांघरली. कावळा शिवण्या-न शिवण्यावर माझा विश्वास नाही, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. त्या पायरीवर बसून मात्र प्रत्येक काळ्या पंखाकडे मी जीव मुठीत धरून बघत होते.

दोन दिवसांनी पुण्याला परतले. मार्चमध्ये तिकडे गारपीट झाली, द्राक्षबागा झोडपून निघाल्या. मामीला फोन केला, तर तिचीही बाग गेलेली. शिवाय गावात बोलणं सुरू होतं की कॅप्टनसाहेब अतृप्त गेले, त्यांनीच गारा पाडल्या.

"माय, तूच सांग," ती म्हणाली, "जिवंतपणी यांच्याच्यानं गावाला एक रस्ता होईना. मेल्यावर एवढी पावर कुठून आली?"

आम्ही दोघी हसलो.