पंच्याहत्तर ग्रॅमचे चोवीस बन

तराजूकाका हे नाव त्यांना बाजाराने दिलं होतं. पुढे ते त्यांच्या मागोमाग घरी आलं आणि घरातलंच होऊन बसलं. सरकारी वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली. ते बाजारात शिरले की दुकानदार एकदम सज्जन व्हायचे. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, बुडाला भोक पाडून हलकं केलेलं वजन, मोजता मोजता तराजूवर विसावा घेणारा अंगठा, सगळं त्यांना लांबूनच दिसायचं. काटा बरोबर जुळला की ते म्हणायचे, "पास." मग शिक्का ठोकायचे. कौतुकाचा एवढा एकच शब्द त्यांच्याकडे होता, आणि तो कचेरीचा असल्यामुळे त्यांनी तो कधी घरी आणला नाही.

अशा माणसाची गाठ पडली ती काकूंशी. काकूंच्या स्वयंपाकघरात वजनकाटा तर सोडाच, खुणा केलेला पेलासुद्धा नव्हता. मूठ, चिमूट, ओंजळ आणि 'जरा' या चार मापांवर त्यांचा संसार चालायचा आणि उत्तम चालायचा. दर वर्षी ईस्टरच्या आठवड्यात तर या चार मापांचा थाटच वेगळा. गुरुवारी दुपारी काकू बन करायला घ्यायच्या. दालचिनी, जायफळ, लवंग, बेदाणे, पाकात मुरवलेली संत्र्याची साल, आणि प्रत्येक बनवर पिठाच्या पांढऱ्या रेघांचा क्रॉस. शुक्रवारी सकाळी आठच्या ठोक्याला सगळ्या इमारतीतली माणसं त्यांच्या दारात हजर. बोलावणं नाही, आमंत्रण नाही. वास हेच आमंत्रण.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी काकांनी एक घोर चूक केली होती. त्यांनी ते बन तोलले. सगळ्यात लहान बावन्न ग्रॅमचा निघाला आणि सगळ्यात मोठा शहाण्णवचा. "यात एकसारखेपणा नाही," काका गंभीरपणे म्हणाले, "बाजारात असते तर जप्त केले असते." काकू त्यावर काही बोलल्या नाहीत. त्या नुसत्या पुढची अडतीस वर्षं हे वाक्य प्रत्येक लग्नात, बारशात आणि आजारपणाच्या भेटीत, काकांच्या आवाजात म्हणून दाखवत राहिल्या.

यंदा मात्र ईस्टरला दहा दिवस असताना काकू कपाटावरचा मोठा ट्रे काढायला स्टुलावर चढल्या आणि ट्रेसकट खाली आल्या. ट्रे वाचला. उजवं मनगट गेलं. बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत पांढरंधोप प्लास्टर. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यावर पेनने काही ना काही लिहिलं. 'लवकर बऱ्या व्हा', 'स्टूल विकून टाका', एक मांजर, दोन फुलं. काकांनी तेवढं काही लिहिलं नव्हतं. "मला सुचत नाही असलं," ते म्हणाले.

काकूंना दुखण्याचं फारसं काही नव्हतं. पण त्यांनी खुर्ची फिरवली. एरवी त्या बसायच्या ती खुर्ची स्वयंपाकघराकडे तोंड करून असायची, ती आता खिडकीकडे वळली. काकांच्या लक्षात आलं. ज्या माणसाला अर्ध्या ग्रॅमचा फरक दिसतो त्याला बायकोची पाठ दिसणार नाही?

सोमवारी वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई आली. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असल्यामुळे तिचं बोलणं नेहमी सावध असे. "काकू, यंदा आपण सगळे मिळून बेकरीतून आणू या का बन?"

"आणा की," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "चांगले असतात बेकरीचे. सगळे एका मापाचे."

आता या वाक्यातला टोमणा कुणासाठी होता हे शिंपीणबाईला कळलं नाही. काकांना कळलं. त्याहून जास्त त्यांना लागला तो त्या 'आणा की'तला थंडपणा. पेपरची घडी करत ते म्हणाले, "बेकरीतून कशाला? मी करतो."

शिंपीणबाईच्या तोंडात टाचण्या नव्हत्या हे देवाचे उपकार.

"तुम्ही?" काकू म्हणाल्या. खुर्ची नाही, पण मान वळली.

"शुक्रवार. सकाळी आठ," काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी दिलेली वेळ कधी चुकवली नव्हती. संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन तट पडले. एक म्हणे, काका करतील. दुसऱ्याने बेकरीत सांगून ठेवलं.

गुरुवारी दुपारी काकांनी अंगरखा चढवावा तसा काकूंचा एप्रन चढवला आणि निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भेट दिलेली पेटी टेबलावर ठेवली. आत जांभळ्या मखमलीत बसवलेली पितळी वजनं, छोटा तराजू आणि वजनं उचलायचा चिमटा. वजनाला बोट लावायचं नाही, घामाने ते जड होतं, हा त्यांचा धर्म होता.

"हं. बोल," त्यांनी वहीत रेघ मारली. "बेदाणे किती?"

"चार मुठी."

"कुणाच्या?"

"अहो, माझ्या! शेजारणीच्या मुठीने घालू का?"

"मग मूठ भर."

काकूंनी प्लास्टर वर केलं. त्यातून नुसती बोटांची टोकं डोकावत होती. काका विचारात पडले. शेवटी काकूंनी डाव्या हाताने मूठ भरायची आणि काकांनी ती तोलायची असं ठरलं. दहा वेळा भरली, दहा वेळा तोलली, सरासरी काढली.

"डावी मूठ चौतीस ग्रॅम. उजवी हिच्यापेक्षा मोठी का लहान?"

"जरा मोठी."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा!"

"अगं, जरा हे काही माप नव्हे."

"याच 'जरा'वर चाळीस वर्षं पोट भरलंत तेव्हा नाही आठवलं?"

काकांनी वहीत लिहिलं: जरा = चार ग्रॅम. आणि खाली बारीक अक्षरात: वादग्रस्त.

कोमट दुधात यीस्ट घालायचं तर दूध किती कोमट? "करंगळी बुडवायची. हाय म्हटलं तर जास्त, काहीच म्हटलं नाही तर कमी." मग काय म्हणायचं? "हं म्हणायचं." काकांनी करंगळी बुडवली आणि हिशेबी स्वरात "हं" म्हणाले. यीस्टला ते पटलं असावं. पाच मिनिटांत भांड्यात फेस आला.

मळणं हे मात्र कष्टाचं काम निघालं. पीठ आधी हाताला चिकटलं, मग टेबलाला, मग चष्म्याला. काकू खुर्चीतून सूचना देत होत्या. ती खुर्ची आता अर्धी वळली होती, एक डोळा खिडकीवर आणि एक पिठावर.

"किती मळायचं?"

"कानाच्या पाळीइतकं मऊ होईस्तोवर."

काका थांबले. आता ते काय विचारणार हे काकूंना चाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. "तुमच्याच कानाच्या," त्या म्हणाल्या. "डाव्या. उजवा जरा निबर आहे. कायम टेलिफोन लावलेला."

काकांनी पीठ दाबलं, कान दाबला, पीठ दाबलं. कानाला पीठ लागलं. खात्री पटेना तेव्हा ते काकूंजवळ गेले आणि काहीही न विचारता त्यांच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून पाहिली.

"अहो! दार उघडं आहे!"

"ताडून बघतोय," काका म्हणाले आणि परत जाऊन आणखी पाच मिनिटं मळत राहिले. काकूंचा दुसराही डोळा आता पिठावर आला.

पीठ ओल्या फडक्याखाली दुप्पट फुगलं. काकांनी ते कापलं, गोल केलं, तोललं. चिमूटभर काढ, चिमूटभर लाव. तासाभराने ट्रेमध्ये चोवीस गोळे उभे राहिले, प्रत्येक बरोबर पंच्याहत्तर ग्रॅम, चार रांगांत सहा-सहा, कवायतीला उभ्या केलेल्या पलटणीसारखे. काका मागे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान कुठल्याही तराजूत मावणारं नव्हतं.

"बघ."

काकू उठल्या. पडल्यापासून पहिल्यांदा त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आल्या. त्यांनी ट्रेकडे पाहिलं. आणि त्यांना हसू फुटलं, ते इतकं की त्यांना प्लास्टरने डोळे पुसावे लागले.

"काय झालं? एकसुद्धा चुकलेला नाही!"

"तेच तर!" काकूंनी पहिल्या गोळ्यावर बोट ठेवलं. "हा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? बन आहे."

"तळमजल्यावरचे हेडमास्तर. त्यांना साखरेचा त्रास. त्यांचा लहान करायचा, पण बसका नाही, उंच वळायचा. म्हणजे लहान दिलाय असं त्यांना वाटत नाही. ही नर्सबाई. रात्रपाळी करून सकाळी येते, इथेच बसून खाते आणि जाऊन झोपते. तिचं जेवणच ते. तिचा मोठा. माझी धाकटी बहीण बेदाणे खात नाही, लहानपणी नाकात घातला होता एक. तिच्या पिठात बेदाणे घालायचेच नाहीत."

काका बघत राहिले. बावन्न ग्रॅम. शहाण्णव ग्रॅम. अडतीस वर्षांपूर्वीचे ते आकडे त्यांना पाठ होते. तेव्हाचे हेडमास्तर दुसरे, नर्सही दुसरी. पण जो बन त्यांनी बेहिशेबी म्हणून जप्तीच्या लायकीचा ठरवला होता, त्याचं माप कुणीतरी फार बारकाईने घेतलेलं होतं. फक्त ते पारड्यात नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तोललंत."

घड्याळात साडेचार वाजले होते. काकांनी बाह्या परत वर सारल्या. "सांग. एकेक नाव सांग."

आणि मग त्या स्वयंपाकघरात अशी धांदल उडाली की विचारू नका. काकू एका हाताने खुणावत होत्या, काका दोन्ही हातांनी पलटण मोडत होते. हेडमास्तरांच्या गोळ्यातलं पीठ काढून नर्सबाईंच्या गोळ्याला लागलं. मेव्हणीच्या गोळ्यातले बेदाणे काकांनी पितळी वजनांच्या त्या पवित्र चिमट्याने एकेक करून उपटले. अकरा निघाले. तेही नर्सबाईंकडे गेले.

"आता जुळ्यांचे दोन," काकू म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा माघार आली. शिंपीणबाईच्या जुळ्या मुली सहा वर्षांच्या होत्या. "इथे माझं कधी जमलं नाही. काही केलं तरी एक मोठा होतो. दर वर्षी रडारड. गेल्या वर्षी तर चावल्या एकमेकींना."

काकांनी छाती पुढे काढली. तराजू मधोमध ओढला. एका पारड्यात एक गोळा, दुसऱ्यात दुसरा. काटा हलला, डोलला आणि मधोमध येऊन थांबला. मग त्यांनी दोन्हींतले बेदाणेही वरून मोजले. सात आणि सात.

"हे मात्र तुमचंच काम हो," काकू म्हणाल्या. काकांनी ते वहीत लिहिलं नाही, पण पुढे कित्येक दिवस ते त्यांच्या तोंडपाठ होतं.

गोळे पुन्हा फुगले. कागदाच्या पुंगळीतून पिठाची पेज पिळत काकांनी तेवीस क्रॉस काढले, पट्टी लावून. चोविसाव्याशी आले तेव्हा काकूंनी पुंगळी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"हा तुमचा. तुमच्यावर दर वर्षी मीच काढते. तोही पट्टीने. इतरांचे वाकडे चालतात, तुम्हाला वाकडं दिसलं की घास उतरत नाही. म्हणून तुमचा तेवढा सरळ काढायचा."

डाव्या हाताने त्यांनी रेघ ओढली. ती अर्ध्यात घसरली, वळली आणि गोळ्याच्या खांद्यावरून खाली उतरली. दुसरी तिला कशीबशी भेटली. क्रॉस नव्हताच तो, तंगडी मुडपून झोपलेला माणूस होता.

"बिघडला," काकू म्हणाल्या.

"राहू दे," काका म्हणाले आणि कोणी बदलायच्या आत ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. पंधरा मिनिटांत दालचिनीचा वास जिन्यात पोचला. दुसऱ्या तटाने निमूटपणे बेकरीत निरोप धाडला, नको म्हणून.

शुक्रवारी आठच्या ठोक्याला दार उघडलं. काकूंची खुर्ची थेट स्वयंपाकघराच्या दाराशी, तोंड आतच्या बाजूला. एप्रन घातलेले काका एकेकाचा बन त्याच्या त्याच्या हातात देत होते. हेडमास्तरांनी आपला उंच बन उजेडात धरून पाहिला आणि "व्वा, भरपूर दिलात" म्हणाले. नर्सबाई खाली बसून खाऊ लागली. चौथ्या घासाला थांबून म्हणाली, "काका, बेदाण्यांची खाण लागली की काय?" मेव्हणीने नाक पुढे करून बन तपासला, मग चावला. जुळ्यांनी आपापले बन शेजारी शेजारी धरले, डोळे बारीक केले, वरून पाहिलं, खालून पाहिलं, आणि भांडायला काहीच न मिळाल्यामुळे बिचाऱ्या निराश होऊन खायला लागल्या.

"चव?" काकूंनी सगळ्यांना विचारलं.

"तीच," शिंपीणबाई म्हणाली. "म्हणजे... जरा वेगळी. पण तीच."

"जरा म्हणजे चार ग्रॅम," काकूंनी काकांच्या आवाजात सांगितलं आणि खोली हसण्याने दणाणली. जुनं वाक्य अडतीस वर्षांनी रजेवर गेलं, नवीन कामावर रुजू झालं.

सगळ्यात शेवटी काकांचा बन राहिला. मुडपलेल्या तंगडीचा. त्यांनी तो हातात घेतला तशा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. काकू त्यांच्याकडे न बघता बघत होत्या. काकांनी तो न तोलता मोडला आणि खाल्ला, क्रॉसच्या वाकड्या बाजूकडून सुरुवात करून, शेवटच्या कणापर्यंत.

"बोला की काहीतरी," नर्सबाई म्हणाली.

काकांनी बोटांचा पाक एप्रनला पुसला, खिशातलं पेन काढलं आणि काकूंपुढे जाऊन त्यांचा प्लास्टरचा हात हळूच आपल्या हातात घेतला. मांजर आणि फुलांच्या मधोमध थोडी जागा उरली होती. माप तपासून झाल्यावर ते ज्या अक्षरात दाखला लिहायचे, त्याच ठसठशीत अक्षरात त्यांनी लिहिलं:

'पास.'

काकूंनी वाचलं. मान खाली घातली. मग म्हणाल्या, "आणि तारीख? तारखेशिवाय दाखला चालतो होय तुमच्या खात्यात?"

काकांनी पुन्हा पेन उघडलं आणि खाली जोडलं: 'पुढची तपासणी: पुढचा गुड फ्रायडे.'